दहा महिने ब्यूटेन टॉर्च: चांदी झाळताना काय जमलं, काय नाही

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मी हातात धरायचा छोटा ब्यूटेन टॉर्च घेतला. चांदीच्या अंगठ्या, कानातली घरी करायची होती. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी तो वापरते आहे. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर सरळ ‘घेऊ नका’ म्हटलं असतं, कारण सांधे धरत नव्हते आणि ज्योत कमी पडते असं वाटायचं. ती तक्रार बरीचशी चुकीची होती.

सुरुवात तांब्यावर केली. पत्रा स्वस्त, शिवाय तांबं १०८५ अंशांना वितळतं, त्यामुळे हात चुकला तरी अंगठी उभी राहते. सांधे बरे जमायला लागले तशी ९२.५ टक्क्यांची चांदी आणली आणि पहिल्याच अंगठीचा डोळ्यांदेखत गोळा झाला. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, पण साडेसात टक्के तांबं मिसळलेली चांदी ८०० च्या आसपासच ढासळू लागते. माझी कडक झाळ, म्हणजे सांधा जोडायला वितळवायचा मिश्रधातू, वाहते ७५० च्या आगेमागे. म्हणजे सांधा जुळणं आणि अंगठी हातची जाणं यांत पन्नासेक अंशांचं अंतर! तांब्यावर ही धास्ती कधी जाणवलीच नव्हती. आता सराव चांदीच्याच तुकड्यांवर करते आणि बिघडलेले तुकडे साठवून आटणीला देते.

खरा फरक पडला तो हुपरीच्या एका कारागीर काकांमुळे. माझं काम बघून ते म्हणाले, “ताई, झाळ तापवू नका, दागिना तापवा. ऊन जिकडं जास्त, तिकडं झाळ आपसूक धावती.” मी नेमकं उलट करत होते. ज्योत थेट झाळेच्या तुकड्यावर धरायची, मग तो वितळून मण्यासारखा गोल व्हायचा आणि सांध्यात उतरायचाच नाही. आता ज्योत अंगठीभोवती फिरवते, सांध्याच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून. झाळ नीट वाहावी म्हणून सांध्याला लावलेल्या टाकणखाराकडे (बोरॅक्सकडे) लक्ष ठेवते. तो आधी पांढरा फुगतो, मग बसतो, आणि काचेसारखा चकचकीत झाला की चांदी साधारण ७४० ला पोचलेली असते. त्या क्षणी ज्योत सांध्यावर आणायची. झाळ चांदीच्या रेषेसारखी चमकून आत पळते. हे दिसतं तेव्हा होणारा आनंद दहा महिन्यांनंतरही तितकाच ताजा आहे. फक्त सांध्यात फट नको. झाळ फट भरत नाही, हे कानशीने घासून पुन्हा पुन्हा शिकले.

ज्योत कमी पडण्याचं अर्धं कारण खालची फरशी होती. ती उष्णता ओढून घ्यायची. भट्टीची हलकी वीट ठेवली आणि तोच टॉर्च जोमदार वाटू लागला. दुसरं, मी दुपारी गॅलरीत उन्हात बसायचे. तिथे धातूची मंद लाली दिसतच नाही, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आता दिवा मंद करून बसते, खिडकी मात्र सताड उघडी.

टॉर्चच्या खऱ्या मर्यादा वेगळ्या आहेत. कडं झाळायचा प्रयत्न मी तीनदा केला, तिन्ही वेळा फसला. चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही, त्यामुळे एका जागी दिलेली उष्णता सगळ्या कड्यात पसरते आणि सांधा तापतच नाही. खोक्यावर ज्योतीचं तापमान कितीही छापलेलं असो, एवढ्या छोट्या ज्योतीतून पुरेशी उष्णता येत नाही. थंडीत पहाटे ज्योत मलूल होते, कारण ब्यूटेनला वायू व्हायलाही ऊब लागते. टॉर्च भरून थोडा वेळ खोलीत ठेवला की बरा चालतो. सातव्या महिन्यात ठिणगीचं बटण बंद पडलं. दुकानदाराने बदलून दिलं नाही, तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या लायटरने पेटवते.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून आवर्जून लिहिते. पोकळ मणी दोन वाट्या जोडून करताना मी भोक ठेवलं नव्हतं. आतली हवा तापून फुगली आणि मणी फुटून तुकडा चष्म्यावर आदळला. चष्मा नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. आधी भोक पाडा, मगच झाळा. दुसरं म्हणजे झाळ घेताना त्यात कॅडमियम नाही ना, हे विचारा. सोन्याच्या दुकानात ऐकलेला ‘केडीएम’ शब्द त्याच कॅडमियमवरून आला आहे आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

झाळल्यावरचा काळपटपणा काढायला कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड पुरतं. त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका. माझ्या पाच अंगठ्या एकदम गुलाबी झाल्या, पाण्यातलं तांबं चांदीवर चढलं होतं. तेव्हापासून बांबूचा चिमटा वापरते.

अंगठ्या, जोडवी, कुड्या करायच्या असतील तर हा टॉर्च नि:शंक घ्या, सोबत भट्टीची वीट आणि चष्मा त्याच दिवशी आणा. कडी-पाटल्यांसाठी मोठा टॉर्च मी दिवाळीनंतर घेणार आहे. हा छोटा मात्र टेबलावरच राहील. आईच्या जोडव्यांचा शेवटचा सांधा अजून बाकी आहे.