डेटाबेसची चावी: फोनवर द्यायची, क्लाउडकडून की स्वतः बांधून?

तुरीचा किंवा कापसाचा हंगाम लागला की शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात हा फोन येतोच: "भाऊ, एका सभासदाचा चुकारा अडकला, पासवर्ड टाका जरा व्हॉट्सॲपवर." खाते क्रमांकातला एक आकडा दुरुस्त करायचा असतो, पण त्या पासवर्डने सगळ्या सभासदांचे आधार, बँक खाती आणि सातबारे उघडतात.

यवतमाळकडच्या अशाच एका कंपनीचं संगणकाचं काम मी बघतो. आमच्या एका ऑपरेटरने दिवाळीनंतर काम सोडलं आणि पुढच्या मृगापर्यंत त्याच्याजवळचा पासवर्ड चालू होता. त्याने काही केलं नाही, पण केलं असतं तर आम्हाला कळलंही नसतं. फोनवरच्या परवानगीला खर्च नाही, शिकायला काही नाही, मात्र दिलेली चावी परत येत नाही. हा मार्ग मी बादच धरतो.

उरतात दोन, आणि दोन्हींत चावी मंजुरीनंतर कामापुरतीच मिळते. त्यासाठी क्लाउडमध्ये (म्हणजे डेटाबेस भाड्याने ठेवलेल्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर) असलेली तयार सोय वापरायची, नाहीतर स्वतः बांधायची.

तुमचा डेटाबेस अझूरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल तर प्रिव्हिलेज्ड आयडेंटिटी मॅनेजमेंट बघा. ऑपरेटर कारण लिहून विनंती करतो, साहेब मंजूर करतात, आणि ठरवलेल्या तासांनी अधिकार आपोआप जातो. स्वतःची विनंती स्वतःला मंजूर करता येत नाही. यासाठी एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन-ओळख सेवेचा पी-टू किंवा गव्हर्नन्स परवाना लागतो आणि तो माणशी मोजला जातो; मंजुरी देणाऱ्यालाही धरा. गूगल क्लाउडवर प्रिव्हिलेज्ड ॲक्सेस मॅनेजर जवळपास हेच काम करतो. तिथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: क्लाउडचा अधिकार मिळाला म्हणजे लॉगिन झालं, पण कोणत्या टेबलात हात घालता येईल हे डेटाबेसच्या आत वेगळं ग्रँट करून (परवानगी देऊन) ठरवावं लागतं. ते आधी नीट केलं नाही तर मंजुरी मिळूनही काम अडतं, आणि मग कंटाळून कोणीतरी सगळंच उघडं करून देतो.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर असाल तर स्टेप फंक्शन्समध्ये, म्हणजे कामाच्या पायऱ्या एकामागे एक चालवणाऱ्या त्यांच्या सेवेत, स्वतःचा प्रवाह बांधता येतो. विनंती येते, प्रवाह थांबतो, मंजुरीची लिंक ईमेलने जाते, होकार आला की तात्पुरता रोल (अधिकार) मिळतो. महिन्याला ४,००० टप्पे फुकट आहेत, म्हणजे आपल्या कामाला पुरून उरतात. पण हा प्रवाह एक वर्षापर्यंत होकाराची वाट बघत थांबू शकतो, तेव्हा मुदत तुम्हीच घाला. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आरडीएस या ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेत आयएएम लॉगिन (क्लाउडच्या ओळखीने आत जाणं) केलं तर मिळणारं टोकन, म्हणजे पासवर्डऐवजीचा तात्पुरता संकेत, १५ मिनिटं चालतं, हे ऐकून आपण निर्धास्त होतो. ती १५ मिनिटं फक्त आत शिरण्यासाठी आहेत. एकदा जोडणी झाली की टोकन संपलं तरी माणूस आतच राहतो. मुदत संपताच जोडणी तोडणारी पायरी वेगळी लिहावी लागते. आणि हे सगळं लिहिणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला तर ते सांभाळणार कोण, हे आधी ठरवा.

माझं मत असं: ज्या क्लाउडवर आहात तिथेच राहा, एवढ्यासाठी डेटाबेस हलवू नका. अझूर किंवा गूगल असेल तर तयार सोय घ्या. ॲमेझॉन असेल आणि दोन जाणती माणसं असतील तरच बांधा.

साधन कोणतंही असो, आधार झाकलेली, फक्त वाचायची यादी विनामंजुरी मिळू द्या. निम्मे फोन तिथेच थांबतील. खाते क्रमांक बदलायचा असेल तेव्हा मात्र माणसाचाच होकार हवा. मंजुरी देणारे दोघे ठेवा, कारण एक जण शेतावर गेला की रेंज नसते आणि चुकाऱ्यासाठी बसलेला शेतकरी परत जातो. कोणी कधी काय उघडलं याच्या नोंदी निदान वर्षभर जपा: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे २०२५ चे नियम तेच सांगतात, आणि सुरक्षेत कसूर झाली तर २०२३ च्या या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

दोघेही सापडत नाहीत अशा दिवसासाठी एक आणीबाणीचा पासवर्ड बंद पाकिटात, ऑफिसच्या कपाटात ठेवा. पाकीट फोडलं की रजिस्टरवर सही, आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा.