माणसांच्या कसरतींना मनापासून दाद, प्राण्यांच्या खेळांना ठाम नकार

सव्वादोन तासांच्या या सर्कशीत एकूण एकोणीस प्रकार होते आणि त्यांतले चार प्राण्यांचे होते. उरलेल्या पंधरा प्रकारांना मी मनापासून टाळ्या वाजवल्या, परंतु त्या चार प्रकारांमुळे हा खेळ इतरांनी पाहावा असे मी सांगू शकत नाही. सर्कशीचे नाव येथे देत नाही, कारण मी जे पाहिले ते एकाच तंबूपुरते असेल असे मला वाटत नाही, आणि ते रोखण्याची जबाबदारी ज्या यंत्रणेवर आहे तिच्याविषयीही मला तितकेच सांगायचे आहे.

आधी जे उत्तम होते ते सांगते. उंच झोक्यांवरच्या कलाकारांचे वेळेचे भान थक्क करणारे होते. एका तरुणीचा हात पहिल्या खेपेला निसटला, ती खाली जाळीत पडली, उठून पुन्हा शिडी चढली आणि दुसऱ्या खेपेला तिने समोरच्या कलाकाराचे मनगट अचूक पकडले, तेव्हा सगळा तंबू उभा राहिला. लोखंडी जाळीच्या गोलात एकाच वेळी फिरणाऱ्या तीन मोटारसायकली, तारेवरची चाल आणि विदूषकांची जोडी हे सगळे वर्षानुवर्षांच्या मेहनतीशिवाय जमणारे नव्हते. रिंगणात एकही लहान मूल दिसले नाही, याची नोंद मुद्दाम करते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली आणि छापे घालून मुलांची सुटका करण्याचे निर्देशही दिले. आदेशाबरोबर तो कोणी आणि कसा पाळून घ्यायचा हेही ठरवून दिले तर तंबूतले चित्र बदलू शकते, असे मला या एका गोष्टीवरून वाटते.

प्राण्यांचा पहिला प्रकार कुत्र्यांचा होता. लहान चणीची आठ पांढरी कुत्री झालरीचे कपडे घालून मागच्या दोन पायांवर चालत आत आली. कुत्र्याची शरीररचना चार पायांवर भार वाटून घेण्यासाठी आहे. बराच वेळ मागच्या पायांवर उभे केले की त्याच्या कमरेच्या सांध्यांवर आणि पाठीच्या कण्यावर ताण येतो. त्यांतले एक कुत्रे पुन्हा पुन्हा पुढचे पाय जमिनीला टेकवत होते. शिकवणाऱ्याने हातातली छडी केवळ खांद्यापर्यंत उचलली आणि ते कुत्रे त्याच क्षणी उभे राहिले. छडी त्याला लागली नाही, पण उचललेल्या छडीचा अर्थ ते कुठे आणि कसे शिकले असेल, हा विचार खेळ संपेपर्यंत माझ्या मनातून गेला नाही. नंतर पेटवलेली कडी आणली गेली आणि ढोलाच्या मोठ्या आवाजावर एकेका कुत्र्याने तीतून उडी मारली. शेवटचे कुत्रे दोनदा कडीजवळ येऊन मागे फिरले आणि तिसऱ्या वेळी उडाले. माझ्या शेजारच्या रांगेतली मुले तोवर हसत होती. त्या कुत्र्याच्या दुसऱ्या माघारीनंतर तिथे शांतता झाली.

जाण्यापूर्वी मी खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे २००१ चे नियम वाचून गेले होते, म्हणून हे अधिक बोचले. प्राण्याच्या जवळपास मुद्दाम अचानक मोठा आवाज करू नये, त्याला आगीजवळ आणू नये, त्याच्या मूळ स्वभावाला धरून असेल तेवढेच त्याला शिकवावे, आजारी, जखमी किंवा गाभण प्राण्याला खेळात उतरवू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कृत्रिम प्रकाशाची तीव्रता किती असावी याचीही मर्यादा, म्हणजे ५०० लक्स, त्यात दिली आहे. इतक्या बारकाईने लिहिलेल्या नियमांतले निदान दोन नियम पहिल्या दहा मिनिटांत, शेकडो प्रेक्षकांसमोर मोडले गेले.

घोड्यांच्या खेळाविषयी माझे मत तयार व्हायला थोडा वेळ लागला, कारण घोडेस्वारीचे कसब मला आवडते आणि आपल्याकडच्या सर्कशीचा उगमच त्यात आहे. १८८० साली मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे हे स्वतः कसलेले अश्वविद्यातज्ज्ञ होते, आणि या परंपरेचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान वाटत आला आहे. सर्कशीच्या रिंगणाचा ४२ फुटांचा व्यास लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टली या घोडेस्वारापासून रूढ झाला. गोलात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभे राहताना तोल सांभाळायला तेवढा गोल सोयीचा पडतो. म्हणजे हे माप स्वाराच्या सोयीने ठरले. घोड्याला मात्र एवढ्या लहान गोलात, एकाच दिशेने, दिवसातून दोन-तीन खेळांत धावायचे असते आणि आतल्या बाजूच्या पायांवर सतत जास्त भार घ्यायचा असतो. त्या संध्याकाळी रिंगणातला भुसा एका बाजूला उडून खालची ओली जमीन उघडी पडली होती. पांढऱ्या घोडीचा पाय तिथे दोनदा घसरला, तरीही फेऱ्या थांबवल्या नाहीत.

छोट्या सायकलवरचे मकाव पोपट आणि गुडघे टेकवून मुजरा करणारा उंट यांविषयी फार लिहीत नाही. पोपटांच्या पंखांची पिसे कापलेली होती, आणि उंटाच्या पुढच्या गुडघ्यांवर चट्टे होते.

मध्यंतरात मी तंबूमागच्या कुंपणाजवळ गेले. तिथे तीन घोडे इतक्या आखूड दाव्यांनी बांधले होते की त्यांना मान खाली करून चाऱ्यापर्यंत धड पोहोचता येत नव्हते. त्यांतला एक घोडा पुढच्या दोन पायांवर आळीपाळीने भार देत, मान डावी-उजवीकडे हलवत एकाच लयीत डुलत होता. मी पंधरा मिनिटे पाहत होते. तो थांबला नाही. दीर्घकाळ कोंडून किंवा बांधून ठेवलेल्या प्राण्यांत दिसणारे हे वर्तन पशुवैद्यांना चांगले परिचित आहे. कुत्र्यांचे पिंजरे एकावर एक रचलेले होते आणि वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्या पिंजऱ्यात पडत होती. प्राण्याला अवाजवी आखूड दोरीने दीर्घकाळ बांधणे आणि पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे, या दोन्ही गोष्टी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये क्रूरता म्हणून नोंदवलेल्या आहेत.

त्याच कलमातली शिक्षा अशी आहे: पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कित्येक दशकांपूर्वी ठरलेल्या या रकमा आज कुणालाही कशापासून परावृत्त करू शकत नाहीत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दंड आणि शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा जनतेच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला, आणि त्याआधी २०१८ मध्ये सर्कशीत कोणत्याच प्राण्याचा वापर होऊ नये असा नियमांचा मसुदाही काढला होता. मसुदा प्रसिद्ध होणे आणि तो तंबूपर्यंत पोहोचणे यांतले अंतर मी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिले.

दंडापेक्षाही मला अस्वस्थ करणारी तरतूद कलम २५ मध्ये आहे. अधिकृत अधिकाऱ्याला किंवा उपनिरीक्षक व त्यावरच्या दर्जाच्या पोलिसाला प्राण्यांच्या प्रशिक्षणाच्या आणि खेळाच्या जागी जाऊन तपासणी करण्याचा, नोंदणीचे प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार हे कलम देते. परंतु प्रत्यक्ष खेळ चालू असताना रंगमंचावर किंवा त्याच्या मागे जाण्याचा अधिकार या कलमान्वये मिळत नाही, असेही त्यातच म्हटले आहे. ज्या वेळी प्राण्याला पिंजऱ्यातून ओढून काढतात, कपडे चढवतात, रिंगणात ढकलतात आणि चुकला तर परत आल्यावर त्याचे जे काही होते, नेमक्या त्याच वेळी तपासणाऱ्याने पडद्याच्या अलीकडे थांबायचे. मला हे कितीही वेळा वाचून पटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेखी तक्रार दिली. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की हा अदखलपात्र गुन्हा आहे आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते पुढे जाऊ शकत नाहीत. प्राण्याला मारणे, आखूड बांधणे, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे यांबाबत कायद्याची स्थिती खरोखरच तशी आहे, त्यामुळे समोरच्या हवालदाराला मी दोष देत नाही. तिथून मला जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे पाठवले, सोसायटीने पशुसंवर्धन कार्यालयाकडे पाठवले. सर्कशीच्या व्यवस्थापकांकडे नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागितले तेव्हा ते मुख्य कार्यालयात असल्याचे उत्तर मिळाले. अर्ज दिल्यापासून नवव्या दिवशी पाहणी झाली. त्या दिवशीच्या खेळात आगीची कडी नव्हती, असे तो खेळ पाहिलेल्या ओळखीच्या कुटुंबाने सांगितले. दुसऱ्या दिवशी ती परत आली. तेविसाव्या दिवशी तंबू उतरला. तक्रार जिल्ह्याच्या हद्दीत राहते आणि सर्कस हद्द ओलांडून निघून जाते, शिवाय या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आतच दाखल करावा लागतो. मला वाटते, सगळ्या दुबळेपणाचे मूळ येथे आहे: फिरत्या व्यवसायावर नजर ठेवण्याचे काम आपण जागच्या जागी असलेल्या कार्यालयांवर सोपवले आहे.

हे बदलू शकत नाही असे कुणी म्हणू नये. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आणली, सर्कसमालक न्यायालयात गेले, केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बंदी कायम ठेवली, आणि त्यानंतर बेंगळुरूजवळचे बन्नेरघट्टा, चेन्नईजवळचे वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम येथे सर्कशीतून सोडवलेल्या सिंह-वाघांसाठी निवारा केंद्रे चालवली गेली. त्या वेळी आदेशाच्या मागे जागा, माणसे आणि पैसा उभा केला गेला. बोलिव्हियाने २००९ मध्ये सर्कशीत सर्वच प्राण्यांना मनाई केली. डेन्मार्कच्या सरकारने २०१९ मध्ये देशातल्या सर्कशींत उरलेले शेवटचे चार हत्ती विकत घेऊन त्यांना निवृत्त केले. अमेरिकेतली रिंगलिंग ही शतकभराहून जुनी सर्कस २०१७ मध्ये बंद पडली आणि २०२३ मध्ये परतली ती एकही प्राणी न घेता. माझ्यासमोर झोक्यावरून पडून पुन्हा चढलेली ती तरुणी आणि तिचे सहकारी यांच्या बळावर हा तंबूही तसाच उभा राहू शकतो, हे मी व्यवस्थापकांना लेखी कळवले आहे.

गुण द्यायचेच तर माणसांच्या कसरतींना पाचपैकी साडेचार, बैठकव्यवस्था आणि सुरक्षिततेला तीन, आणि प्राण्यांच्या खेळांना शून्य. प्राण्यांचे प्रकार वगळल्याची जाहिरात लागेपर्यंत मी तिकीट काढणार नाही आणि मुलांच्या शाळेलाही सहल नेऊ नका असे कळवले आहे. पुढच्या मुक्कामाचे गाव सर्कशीच्याच भित्तिपत्रकावर छापलेले होते. तक्रारीची प्रत, छायाचित्रे आणि आगीच्या कडीच्या खेळाची तारीख त्या जिल्ह्याच्या सोसायटीला आणि भारतीय पशुकल्याण मंडळाला नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे. तीन महिन्यांपैकी सात आठवडे शिल्लक आहेत, आणि त्या गावातला पहिला खेळ येत्या शुक्रवारी आहे.