चुकलेल्या वेळेवरची पट्टी: मॅजिस्क, दोन वर्षं वापरल्यावर

लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुहूर्ताची वेळ चुकलेली सापडली, की आमच्या धंद्यात दोनच वाटा उरतात. सगळ्या पत्रिका पुन्हा छापायच्या, नाही तर बरोबर वेळेची बारीक पट्टी छापून एकेका पत्रिकेवर चिकटवत बसायचं. पाचशे पत्रिकांचा खर्च कुणी सोसायचा यावर घासाघीस होते आणि शेवटी पट्टीच चिकटते. वाचणाऱ्याला वेळ बरोबर दिसते. खालची चुकीची वेळ असते तिथंच असते. मॅजिस्क हे अँड्रॉइडचं अ‍ॅप फोनमधल्या फाइलींबाबत नेमकं हेच करतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला तीन आठवडे गेले.

मी सांगलीत डीटीपी करतो. दिवसभर ‘लग्न’ आणि ‘शुभ’ हे दोन शब्द डोळ्यांपुढं असतात. संगणकावर ते मराठी वळणाचे, म्हणजे पाकळ्यांचा ल आणि देठाचा श. गिऱ्हाईकाचा मजकूर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि फोनवर तोच ल काना लावलेला, हिंदी वळणाचा. राज्य सरकारनं २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं म्हणून सांगितली, पण ते माझ्या फोनला कोण सांगणार? फोनची भाषा मराठी केली की काही ठिकाणी आकार बदलतात हे खरं, पण मला सेटिंग्ज इंग्रजीत लागतात. सवय आहे, जात नाही. बायको म्हणाली, “अहो, एका अक्षरासाठी नवा फोन उघडून बसणार?” एका नाही, दोन.

फॉन्टचं काम माझ्या हातचं होतं. मुक्त परवान्याचा एक देवनागरी फॉन्ट घेतला. त्यात मराठी आकार आधीच होते, फक्त मजकुराची भाषा मराठी असल्याचं सांगितलं तरच उमटणारे. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच आकार कायमचे पुढं आणले. राहिलं एवढंच, की ही फाइल सिस्टिममधल्या (फोन ज्यांवर चालतो त्या मूळ फाइलींमधल्या) फॉन्ट्सच्या फोल्डरात फोनच्या मूळ देवनागरी फॉन्टच्या, म्हणजे ‘नोटो सान्स देवनागरी’च्या जागी बसवायची.

हे मी पूर्वी केलेलं होतं. अँड्रॉइड ४.४ च्या काळात सुपरएसयूनं रूट केलेला (म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवलेला) फोन होता, रूट एक्सप्लोरर या फाइल मॅनेजरमध्ये वर एक बटण असायचं, ‘माउंट आरडब्ल्यू’. ते दाबलं की सिस्टिम लिहिण्याजोगी व्हायची. फाइल टाकायची, परवानगी ६४४ (सगळ्यांना वाचता येईल, फक्त मालकाला लिहिता येईल अशी) करायची, फोन बंद-चालू करायचा. चहा निवायच्या आत काम. तीच सवय घेऊन मी अँड्रॉइड १३ वर आलेल्या फोनपुढं बसलो. बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडला (उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, ते आधी दुसरीकडं ठेवलं होतं), मॅजिस्कनं रूट घेतलं, टर्मक्स या आज्ञा टाइप करायच्या अ‍ॅपमध्ये जुनीच आज्ञा दिली: सिस्टिमला रीड-राइट करून पुन्हा माउंट कर, म्हणजे लिहिता येईल अशी जोड. उत्तर आलं, सिस्टिम नावाचं काही माउंट यादीत नाहीच.

हे उत्तर खोटं नाही. अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचं पार्टिशन, म्हणजे साठवणुकीतला तिचा कप्पा, थेट मुळालाच, म्हणजे नुसत्या तिरप्या रेघेवर, माउंट होतं. मग मुळाला रीमाउंट करून पाहिलं. आता उत्तर आलं, हे ब्लॉक डिव्हाइसच, म्हणजे साठवणुकीचा हा भागच, रीड-ओन्ली आहे. मी परवानग्या बदलल्या, एसई-लिनक्स (अँड्रॉइडचा सुरक्षेचा पहारा) तात्पुरतं सैल केलं, दुसरा फाइल मॅनेजर आणला. गावातल्या एका मोबाइलवाल्यानं “होतंय की” म्हणून फोन दोन दिवस ठेवून घेतला आणि तसाच परत दिला. रूट असूनही लिहिता येत नाही म्हणजे रूट नीट झालेलं नाही, अशी माझी ठाम समजूत. ती साफ चुकीची होती आणि मला वाटतं बहुतेक लोक इथंच अडकतात.

अडथळा परवानगीचा नाहीच, कागदाचा आहे. नव्या फोनमध्ये सिस्टिम, व्हेंडर, प्रॉडक्ट ही स्वतंत्र पार्टिशनं राहिलेली नाहीत. अँड्रॉइड १० पासून ती ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या पार्टिशनच्या पोटात खेटून बसवलेली असतात, इतकी की मोकळी जागा नावाला. वर डीएम-व्हेरिटी ही तपासणी प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा, हॅश (त्याच्यावरून काढलेला ठसा) ताडून पाहते. एक अक्षर बदललं तरी हिशेब जुळत नाही. फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, एक्स्ट-४ असली तर सारखे दिसणारे ब्लॉक दोन-दोन फाइलींत वाटून दिलेले असतात, म्हणून कर्नल, म्हणजे अँड्रॉइडचा गाभा, ती लिहायला उघडतच नाही. आणि माझ्या फोनमध्ये तर ईआरओएफएस निघाली. हुआवेनं तयार केलेली ही फाइलसिस्टिम २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत आली. ती दाबून भरलेली असते आणि तिच्यात लिहिण्याची सोयच नाही. कुलूप असतं तर किल्ली शोधली असती. इथं दारच ठेवलेलं नाही. एक्सपोज झालेल्या ऑफसेट प्लेटवर पेनानं दुरुस्ती करायला निघाल्यासारखा माझा तीन आठवड्यांचा खटाटोप होता.

सुपर पार्टिशन काढून, उलगडून, मोठं करून, लिहिण्याजोगं बांधून पुन्हा फ्लॅश करणाऱ्या (फोनमध्ये भरणाऱ्या) स्क्रिप्ट मिळतात. कित्येक जीबींची ती फाइल, एक पाऊल चुकलं तर फोनची वीट. दोन अक्षरांसाठी नको म्हटलं.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा दिवाळीला आला होता. त्यानं माझी आज्ञांची वही पाहिली आणि हसला. “मामा, तुम्ही सिस्टिममध्ये लिहायला कशाला जाताय? मॅजिस्क टाकलंय ना? वर झाका की.”

मॅजिस्क मी नुसतं रूट देणारं अ‍ॅप समजत होतो. जॉन वू यांनी ते २०१६ मध्ये आणलं तेच मुळी सिस्टिमला हात न लावता बदल करता यावेत म्हणून. नावही ‘मॅजिक मास्क’ वरून. बदल बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन चालू होताना लागणाऱ्या फाइलीत, होतो (अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या फोनांत बहुधा ‘इनिट-बूट’ची इमेज पॅच करावी लागते, तिथं आधी बघा), आणि तुमच्या फाइली राहतात डेटा पार्टिशनवर, जिथं लिहायला मुळातच मोकळीक असते. फोन चालू होताना मॅजिस्क त्या फाइली मूळ फाइलींवर माउंट करतं. प्रत्येक अ‍ॅपला पट्टी दिसते, खालची पत्रिका कोरी करकरीत.

लगेच शहाणपण सुचलं: मग मीच हातानं बाइंड माउंट करतो (एका फाइलवर दुसरी बसवतो), मॉड्यूल (मॅजिस्कला द्यायचं बदलांचं पुडकं) कशाला? टर्मक्समधून रूट घेऊन माझी फाइल नोटोच्या फाइलवर माउंट केली. आज्ञा मुकाट पार पडली. टर्मक्समधून पाहिलं तर फाइलचा आकार माझ्या फॉन्टचा. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर ल आपला जुनाच. ही गंमत कळल्यापासून मी चार जणांना फोनवर समजावून सांगितली असेल. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला माउंटची स्वतःची खोली असते, नेमस्पेस म्हणतात तिला. ज्या अ‍ॅपनं रूट मागितलं त्याच्याच खोलीत मॅजिस्क ते देतं, म्हणून केलेलं माउंट शेजारच्या खोलीत दिसत नाही. मॅजिस्कच्या सेटिंग्जमध्ये माउंट नेमस्पेस ‘ग्लोबल’ करायची, किंवा रूट घ्यायच्या ‘एसयू’ या आज्ञेला दोन एमचा पर्याय द्यायचा. रूट फाइल मॅनेजरमध्ये पेन ड्राइव्ह किंवा एसडी कार्ड माउंट झालेलं दिसतं आणि गॅलरीत दिसत नाही, ती तक्रारही बहुतेक वेळा हीच निघते.

ग्लोबल करूनही ल बदलला नाही. कारण सगळी अ‍ॅपं झायगोट नावाच्या एकाच प्रक्रियेतून जन्मतात आणि फॉन्ट फोन चालू होतानाच चढलेले असतात. मी पट्टी चिकटवत होतो ती पत्रिका वाटून झाल्यावर. आणि फोन पुन्हा चालू केला की बाइंड माउंट पुसलं जातं. म्हणजे काम झायगोट उठण्याआधी व्हायला हवं, आणि ती वेळ मॅजिस्कच्या मॉड्यूललाच मिळते.

मॉड्यूल बनवणं इतकं सोपं निघालं की राग आला. डेटातल्या एडीबी फोल्डरात मॉड्यूल्सचं फोल्डर असतं. त्यात आपल्या नावाचं फोल्डर, त्यात नाव-आवृत्ती लिहिलेली एक छोटी मजकूर फाइल, आणि सिस्टिम, त्याच्या आत फॉन्ट्स, त्याच्या आत त्याच नावाची आपली फाइल. नाव अक्षरशः तेच हवं, इंग्रजी छोट्या-मोठ्या अक्षरांसकट आणि शेवटच्या व्हीएफसकट (व्हेरिएबल फॉन्टची खूण). परवानगी आणि एसई-लिनक्सचं लेबल मूळ फाइलवरून मॅजिस्क स्वतः उचलतं. आधी हातानं करताना हे लेबल मी विसरलो होतो; तेव्हा फाइल जागेवर असूनही अ‍ॅपांना वाचता येत नसे.

पहिल्यांदा फोन चालू झालाच नाही. कंपनीचं चिन्ह, काळोख, पुन्हा चिन्ह. चूक माझी. कुठल्याशा नमुन्यावरून मॉड्यूल बनवताना फॉन्ट्सच्या फोल्डरात ‘.रिप्लेस’ नावाची रिकामी फाइल राहून गेली होती. ती असली की मॅजिस्क एकेका फाइलवर पट्टी न लावता अख्खं फोल्डरच बदलतं. म्हणजे फोनमध्ये माझा एकटा देवनागरी फॉन्ट आणि इंग्रजीचं रोबोटोसुद्धा गायब. बिचाऱ्यानं उठावं कसं? रात्रीचे साडेअकरा, सकाळी एका गिऱ्हाईकाला मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ द्यायचं, आणि ते प्रूफ त्याच फोनमध्ये.

मॅजिस्कला मी मनापासून मार्क देतो ते इथं. चालू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं, फोन सेफ मोडमध्ये उठला आणि मॅजिस्कनं सगळी मॉड्यूलं आपणहून बंद केली. फोन पुन्हा चालू केला तर जसा होता तसा. सेफ मोडनं भागलं नाही तर संगणकाला जोडून एडीबी या साधनानं मॉड्यूलं काढून टाकायची एक आज्ञा आहे, पण तिची वेळ आली नाही. जुन्या पद्धतीत सिस्टिममध्येच फाइल लिहून हा घोळ घातला असता तर अख्खं रॉम, म्हणजे फोनची सगळी सिस्टिम, पुन्हा टाकावं लागलं असतं. माझी झोप तेवढी गेली, प्रूफ वेळेवर दिलं. नको ती फाइल काढली, मॉड्यूल पुन्हा चालू केलं आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘शुभ लग्न’ मराठीत उमटलं. बायकोला दाखवलं. तिनं दोनदा पाहिलं आणि विचारलं, “काय बदललं?”

एक खोट माझ्या फॉन्टमध्येच होती. मूळ फाइल व्हेरिएबल, एकाच फाइलीत बारीक ते ठळक. माझी साधी, एकाच जाडीची. त्यामुळं ठळक मथळे ठळक दिसेनात. पुढं व्हेरिएबल फाइलीतच अक्षरं बदलून घेतली.

महिन्याचं सुरक्षा अपडेट आलं की थोडी कसरत असते. खालची पत्रिका कोरी असल्यामुळं अपडेट अडत नाही. आधी मॅजिस्कमधून मूळ इमेजेस परत बसवायच्या, अपडेट उतरू द्यायचं, आणि फोन बंद-चालू करायच्या आधी ‘रिकाम्या स्लॉटमध्ये इन्स्टॉल करा’ हा पर्याय दाबायचा (स्लॉट म्हणजे सिस्टिमच्या दोन जागांपैकी एक). क्रम चुकला तर रूट जातं, संगणक काढून पुन्हा पॅच करत बसावं लागतं. माझा दोनदा चुकला.

पूर्वी मॉड्यूलांची यादी अ‍ॅपच्या आत मिळायची, २०२२ च्या चोविसाव्या आवृत्तीत ती काढून टाकली. रूट लपवायची जुनी सोयही तेव्हाच गेली. आता झायगिस्क (झायगोटमध्ये मॉड्यूलांचा कोड चालवायची सोय) आणि डिनाय-लिस्ट (मॅजिस्कचे बदल लागू करायचे नाहीत अशा अ‍ॅपांची यादी) आहे, पण ते लपवण्याचं साधन नव्हे. मदतीची पानं इंग्रजीत आणि फार मोजक्या शब्दांत, आधीच कळलेल्या माणसासाठी लिहिल्यासारखी. अ‍ॅप फुकट आहे, सोर्स उघडा आहे, प्ले स्टोअरवर नाही. गिटहब या साइटवरच्या मॅजिस्कच्या पानावरूनच घ्या. शोधल्यावर छान सजवलेल्या दुसऱ्या साइट वर येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्याला रूट द्यायचं ते अ‍ॅप कुठून आलं, याचा विश्वास नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

मोठी अडचण पैशांच्या अ‍ॅपांची. उघडा बूटलोडर दिसला की माझं बँकेचं अ‍ॅप चालूच होत नाही. चकवायचे उपाय रोज नवे निघतात आणि रोज बंद पडतात. मी त्या नादाला लागलो नाही. रोजचे व्यवहार एकाच फोनवर असतील तर दोन अक्षरांसाठी हे करू नका, असं मी गिऱ्हाईकांनाही सांगतो. जुना फोन कपाटात पडला असेल तर मात्र जरूर करा.

पाचातले साडेचार. अर्धा त्या मदतीच्या पानांचा कापला.

बँकेसाठी मी बायकोचा जुना फोन ठेवलाय, रूट न केलेला. त्यात ल अजून काना लावलेलाच आहे, पण ओटीपी इंग्रजीत येतात, त्यामुळं डोळ्यांना त्रास नाही.