गिम्प ३.० ची ड्रॉप शॅडो: मराठी बॅनरला चालते का?

१७ सप्टेंबर जवळ आला की लातूर-बीडपासून हिंगोलीपर्यंत फ्लेक्सच्या दुकानांत ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ ही अक्षरं स्क्रीनवर असतात, आणि गिऱ्हाइकाला त्यांना सावली हवीच असते. फुकटच्या गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून खरोखर सोयीचं झालंय.

आधीच्या २.१० मध्ये सावलीचा ‘ड्रॉप शॅडो’ फिल्टर लावला की मजकुराचं चित्र व्हायचं. अध्यक्षांचं नाव बदललं की सगळं पुन्हा टाइप करा. आता टेक्स्ट लेयर (अक्षरांचा थर) निवडून फिल्टर्स, लाइट अँड शॅडो, ड्रॉप शॅडो असं गेलं की सावली वेगळी राहते. लेयरसमोर ‘एफएक्स’ची खूण दिसते, ती दाबून आकडे केव्हाही बदलता येतात. ‘मर्ज फिल्टर’वर मात्र टिक करू नका, मजकूर कायमचा गोठतो. शेजारची ‘लेगसी’ ड्रॉप शॅडोही टाळा. ती सावलीचा वेगळा लेयर करते, म्हणून नाव बदललं तरी सावली जुन्याच नावाची राहते.

सुरुवातीचे आकडे एक्स (सावली किती आडवी सरकते) २०, वाय (किती खाली सरकते) २०, ब्लर (कडांचा धूसरपणा) १०, ओपॅसिटी (गडदपणा) ०.५ असे येतात. पहिले तीन पिक्सेलमध्ये आहेत, म्हणून अक्षराच्या उंचीप्रमाणे बदलायलाच हवेत. मराठीत सगळा घोळ वायचा. वाय वाढला की शिरोरेषेची सावली काळ्या पट्टीसारखी खाली उतरते आणि ‘व’, ‘क’ यांच्या पोटात भरते. ‘सं’वरच्या अनुस्वाराची सावली रेघेवर पडते, ‘ग्रा’चा रकार बुजतो. लांबून ‘मुक्तिसंग्राम’ डागासारखं दिसतं. सावली शिरोरेषेच्या जाडीच्या निम्म्याच्या आत ठेवा. ६ बाय ३ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर (इंचाला ७२ पिक्सेल) ५१८४ बाय २५९२ पिक्सेल होतो. त्यात ८ इंची ठळक अक्षर ५७६ पिक्सेलचं. तिथे वाय १२, एक्स १८, ब्लर १० छान बसतं. व्हॉट्सअॅप पोस्टमधल्या १०० पिक्सेलच्या अक्षराला वाय २, एक्स ३, ब्लर ३ पुरे.

पिवळ्या किंवा भगव्या पार्श्वभूमीवर काळी सावली मळकट दिसते. गडद तपकिरी घ्या. सावली जाड करणारा ‘ग्रो रेडियस’ शून्यावरच ठेवा, वाढवला की जोडाक्षरं चिकटतात. मोठ्या फाइलवर प्रिव्ह्यू रेंगाळतो, तेव्हा आधी लहान आकारात जुळवून आकडे त्याच पटीत वाढवा.

फॉन्ट युनिकोडच (मोबाइलवर मराठी लिहितो त्याच पद्धतीचा) हवा. मुक्ता आणि बालू २ दोन्ही फुकट मिळतात आणि जोडाक्षरं नीट येतात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर नुसता पेस्ट केला तर भलतीच चिन्हं उमटतात.

रेडियम कटिंगला (चिकट कागदातून अक्षरं कापण्याला) मात्र हे चालणार नाही. कटरला वेक्टर रेघ (पिक्सेलची नव्हे, अक्षराच्या कडेची आखलेली रेघ) लागते, तिथे कोरलड्रॉच उघडा. फ्लेक्सवाल्याला गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल देऊ नका, टिफ एक्स्पोर्ट करून द्या; मूळ एक्ससीएफ स्वतःकडे ठेवलीत तर पुढच्या वर्षी फक्त नावं बदलावी लागतील.