मुलाची साक्ष की वैद्यकीय अहवाल?

अहवाल ठोस वाटतो खरा, पण बाल लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत शारीरिक तपासणीत काहीच आढळत नाही. काही कृत्यांत इजा होतच नाही, झाली तरी ती लवकर भरून येते. म्हणजे ‘जखम नाही’ याचा अर्थ ‘गुन्हा नाही’ असा होत नाही. डीएनए मिळाला तर गोष्ट वेगळी. पण तक्रारच काही महिन्यांनी आली तर तो मिळणार कुठून?

साक्षीत तारीख चुकली म्हणून फारसं बिघडत नाही, मूळ घटना कायम राहते का ते न्यायालय पाहतं. खरा धोका मुलाला पढवण्याचा, किंवा उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नाचा. ‘त्यानेच केलं ना?’ याला मिळालेला होकार कच्चा. ‘काय झालं ते सांग’ म्हटल्यावर मूल स्वतःच्या शब्दांत जे सांगतं, ते माझ्या मते काहीच न आढळलेल्या अहवालापेक्षा कितीतरी वजनदार.