पारी-जीपी: एका 39 अंकी मूळ संख्येवर पारखून पाहिलेली प्रणाली

फ्रान्समधील बोर्दो येथे विकसित झालेली पारी-जीपी ही संख्या सिद्धांतासाठीची विनामूल्य संगणकप्रणाली मी मुद्दाम एकाच संख्येवर वापरून पाहिली. ती संख्या म्हणजे 2 चा 127 वा घात उणे 1, अर्थात 170141183460469231731687303715884105727. ती मूळ असल्याचे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी 1876 साली हाताने आकडेमोड करून दाखवले आणि 1951 पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणालाही माहीत नव्हती.

अशी संख्या मूळ आहे का हे ठरवणारी ल्युकांची कसोटी अमेरिकन गणिती डी. एच. लेमर यांनी पुढे सुटसुटीत केली. 4 पासून सुरुवात करायची, दर वेळी वर्ग करून 2 वजा करायचे आणि आपल्या संख्येने भागून उरलेली बाकी तेवढी पुढे न्यायची. 125 पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. जीपीमध्ये, म्हणजे प्रणालीला आज्ञा देण्याच्या खिडकीत, हे सारे एका ओळीत लिहिता येते आणि एंटर दाबताच शून्य समोर येते. मला मात्र 124 व्या पायरीवर थांबण्यात अधिक गोडी वाटली. पुढच्या पायरीवर शून्य यायचे, तर तिथल्या बाकीच्या वर्गाला आपल्या संख्येने भागल्यावर 2 च उरावे लागतात. आणि या संख्येने भागले असता 2 च्या 128 व्या घाताची बाकीही 2 च उरत असल्यामुळे, ती बाकी 2 चा 64 वा घात किंवा त्याचे ऋण रूप एवढीच असू शकते. कसोटीच्या पोटात दडलेला हा संबंध डोळ्यांसमोर उलगडताना पाहणे हा खरा आनंद आहे.

याच मूळ संख्येतून 1 वजा करून अवयव पाडायला सांगितले की दोन स्तंभांची चौकट उमटते: डावीकडे अवयव, उजवीकडे घातांक. त्यात 3 समोर 3, 7 समोर 2 आणि तळाशी 77158673929 हा सर्वांत मोठा अवयव दिसतो. यादीत 127 सुद्धा आहे आणि ते अपेक्षितच आहे, कारण आपल्या मूळ संख्येने भागून बाकी 1 उरेल असा 2 चा सर्वांत लहान घात 127 वा आहे (या घातांकाला 2 ची 'कोटी' म्हणतात) व कोटीने, मूळ संख्येतून 1 वजा करून येणाऱ्या संख्येला भाग गेलाच पाहिजे.

उणीव सांगायची तर ती नवख्यांच्या बाबतीत आहे. 'इझस्यूडोप्राइम' आणि 'इझप्राइम' या दोन्ही आज्ञा संख्या मूळ आहे का हे तपासतात आणि होकारादाखल नुसता 1 देतात; पण पहिलीचे उत्तर भक्कम अंदाज असतो, तर दुसरीचे सिद्धता. हा फरक पडद्यावर कुठेही दिसत नाही, माहितीपुस्तिका वाचल्यावरच कळतो. सिद्धता हातात हवी असेल, तर 'प्राइमसर्ट' ही आज्ञा पडताळता येईल असे प्रमाणपत्र तयार करून देते, आणि गणिताच्या विद्यार्थ्यांनी तिच्यापासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. प्रणाली संगणकावर उतरवून घेण्याआधी ब्राउझरमध्येही चालवून पाहता येते.