लपणात तासन्‌तास बसायचं तर आत काय घालावं? थर्मलचा पाच महिन्यांचा अनुभव

जनावरांचे फोटो काढायला गेले पाच महिने आठवड्यातून दोनदा तरी पहाटे लपणात, म्हणजे त्यांना आपण दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात, बसते. कॅमेरा ट्रायपॉडवर, पारा शून्याच्या आसपास, कधी उणे आठ, आणि तीन-चार तास जवळपास न हलता. या काळात तीन थर्मल संच आलटून पालटून वापरले. एक जाड मरिनो लोकरीचा (मरिनो ही बारीक, मऊ लोकरीची मेंढी), २६० जीएसएमचा. दुसरा मरिनोचाच, पण पातळ, १५० चा. तिसरा पॉलिस्टरचा, आतून मऊ लव असलेला. (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. लेबलवर तो आकडा आधी बघा, ‘अति थंडीसाठी’ वगैरे मजकूर नंतर.)

सुरुवात मी जाड संचापासून केली, आणि तिथेच चुकले. थंडी जास्त तर कापड जाड, हा हिशोब सरळ वाटतो. पण लपणापर्यंत पाऊण तासाचा चढ आहे आणि पाठीवर दहा किलोची सॅक. नुसतं बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. ओझं घेऊन चढताना हाच आकडा चार-पाच पट होतो. जाड थर्मल घालून तो चढ संपेपर्यंत पाठ घामाने निथळायची. बसल्यावर पहिली वीस मिनिटं बरी जात. मग दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे सॅक टेकलेली असते तिथे, हाताएवढा गार पट्टा जाणवायला लागायचा आणि हळूहळू कंबरेकडे उतरायचा. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे वर कितीही जाड जाकीट चढवलं तरी ओल्या पाठीपुढे त्याचं काही चालत नाही. अशाच एका सकाळी कोल्हा अगदी पंचवीस फुटांवर येऊन थांबला. हुडहुडी इतकी भरली होती की हात स्थिर राहिनात. एकही फोटो धड आला नाही. फार वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून जाड संच चालताना घालणं बंद केलं.

मुळात आतल्या थराने अंग कोरडं ठेवायचं असतं. ऊब धरायला वरचे थर आहेतच. हे कळल्यावर पातळ मरिनो किती गुणाचा आहे ते लक्षात आलं. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प पोटात घेतो आणि तरी अंगाला ओला लागत नाही. पॉलिस्टर एक टक्काही शोषत नाही. घाम नुसता कापडावर पसरवतो, म्हणून वाळतो मात्र झटपट. लोकर एकदा पूर्ण भिजली की तिला वाळायला फार वेळ लागतो. सुती बनियनचा विचारही करू नका, ते ओलं होतं आणि ओलंच राहतं.

बरेच प्रयोग करून आता माझी पद्धत ठरली आहे. चढताना पॉलिस्टर आणि वर एक वारा अडवणारं पातळ जाकीट, बस. निघताना थोडं काकडायला झालं पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. लपणात पोचलं की पॉलिस्टर उतरवायचं, पाठ आणि काखा पुसायच्या आणि सॅकमधला कोरडा मरिनो चढवायचा. त्या दोन मिनिटांत दात वाजतात, पण पुढचे तीन तास सुखाचे जातात. पारा अगदीच उतरलेला असेल तर त्यावर जाड मरिनोही घालते, तेवढ्यासाठी तो उपयोगी आहे. ओला शर्ट पिशवीत बांधून टाका. पॉलिस्टरला दुसऱ्याच दिवशी घामाचा वास धरतो, आणि जनावरांचं नाक आपल्यासारखं नाही. मरिनो चार-पाच दिवस न धुता वापरला तरी वास येत नाही.

मापाकडे नीट लक्ष द्या. शर्ट अंगालगत हवा, पण काखेत आवळणारा नको. खांद्यावर शिवण असेल तर ती सॅकच्या पट्ट्याखाली रुतते. मागची बाजू लांब हवी, नाहीतर वाकलं की कंबर उघडी पडते. गळ्याला झिप असलेलाच घ्या. चढावर ती उघडली की लगेच बरं वाटतं. पायजम्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बसल्यावर तो अंगाखाली चेपला जातो आणि चेपलेलं कापड ऊब धरत नाही, म्हणून खाली फोमची जाड चटई पाहिजेच.

आता तक्रार. तिसऱ्या महिन्यात पातळ मरिनोला कंबरेपाशी, सॅकचा पट्टा घासतो तिथे, मोहरीएवढं भोक पडलं. पंधरवड्यात शेजारी दुसरं. आधी कसर लागली असं वाटलं, पण कपाटातले बाकीचे लोकरी कपडे शाबूत होते. पट्ट्याचं घासणं होतंच, पण नेहमीच्या धुण्याच्या पावडरीनेही हातभार लावला असणार. डाग काढायला तिच्यात घातलेली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात, आणि लोकर हे प्रथिनच. आता लोकरीसाठीचा साबण, कोमट पाणी, न पिळता सावलीत आडवं वाळवणं, असं चालू आहे.

लोकर टोचते म्हणून काहीजण मरिनो टाळतात. टोचतात ते जाड धागे, ३० मायक्रॉनच्या वरचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माझा शर्ट १८.५ मायक्रॉनचा आहे आणि उघड्या अंगावर एकदाही खाज आली नाही.

दोन्ही भोकं रफू करून तोच शर्ट अजून वापरते आहे. पुढचा घेईन तो थोडं नायलॉन मिसळलेला, कारण तो घासण्याला जास्त टिकतो. जाडी मात्र हीच, आणि गळ्याला झिप.